पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला स्वर

पेटीवर आधी पांढरी पाच दाबा, मग काळी चार. इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडून नुसती मांडीवर धरली की स्पीकरमधून जी घूं येते, तिचा स्वर या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो, पांढरी पाचच्या जरा जवळ. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झची असते आणि काळी चार ५२ च्या किंचित आत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथली घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे जाते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली. तेव्हापासून अंधेरीतली घूं आणि चेन्नईतली घूं एकाच सुरात आहेत. ग्रीडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायची असा नियम आहे. गिटारच्या तारा काही एवढ्या सुरात राहत नाहीत.

ही घूं एकटी येत नाही. लहान ॲम्पच्या सहा-आठ इंची स्पीकरला ५० हर्ट्झ धड पेलतही नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या पटीतले १००, १५०, २००, २५०. पन्नासला षड्ज धरलं तर १५० हा पंचम आणि २५० हा गंधार. तंबोरा जुळला की जो स्वयंभू गंधार ऐकायला जाणकार कान टवकारतात, तो इथे फुकट मिळतो. गाणं त्या पट्टीत नसतं, एवढीच अडचण.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या टू-बीएचकेत गिटार वाजवणारी मुलं (आणि कर्ज फिटल्यावर पुन्हा गिटारकडे वळलेले त्यांचे बाबा) या आवाजाला वैतागून पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पेडल बदलणं. दुसरी, नॉइज गेट नावाचं आणखी एक पेडल विकत घेणं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. उपनगरातल्या घरात पेडल सहसा निर्दोष असतं. भिंतीतली वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, पंख्याचा रेग्युलेटर आणि दीडशे रुपयांचा ॲडाप्टर यांनी मिळून केलेला उपद्व्याप ते फक्त मोठ्यांदा सांगतं. पैसे खर्च करायच्या आधी आवाज नीट ऐकायला शिकलं, तर निम्म्याहून जास्त तक्रारी फुकटात किंवा शे-दोनशेत मिटतात.

पेडल एवढं मोठ्यांदा का सांगतं, हे आधी पाहू. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विजेचा दाब व्होल्टच्या दशांशात असतो. डिस्टॉर्शन किंवा फझ पेडल तो शेकडो पट, कधी हजार पटही वाढवतं आणि मग एका मर्यादेवर कापून टाकतं. त्या कापण्यातूनच तो फाटका, भरलेला आवाज तयार होतो. तार जोरात वाजत असते तेव्हा सिग्नल मर्यादेला टेकलेला असतो, त्यामुळे बारीकसारीक घरघर त्याखाली दबते. वाजवणं थांबलं की मर्यादेला टेकायला काही उरत नाही. पेडल मात्र पूर्वीच्याच जोमाने समोर येईल ते वाढवत राहतं. समोर असते ती घूं. म्हणून स्वच्छ आवाजावर शांत वाटणारी गिटार फझ चालू केल्यावर, आणि नेमकी दोन ओळींच्या मधल्या शांततेत, घुमायला लागते. फझ या प्रकाराचा जन्मही बिघाडातूनच झाला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली आलेल्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला, ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटला, आणि तो तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी तो आवाज मुद्दाम काढून देणारं 'माएस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आलं. आता अशी पेडलं मुंबईतही बनतात. 'ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन' ही इथलीच कंपनी. तेव्हा आवाज फाटण्याला आपली हरकत नाही. न बोलावता आलेल्या आवाजाला आहे.

शोध घ्यायचा तो ॲम्पपासून उलटा. ॲम्पच्या इनपुटमधून केबल काढून टाका आणि नुसता ॲम्प ऐका. बहुतेक ॲम्पमध्ये जॅक रिकामा असला की इनपुट आतल्या आत ग्राउंडला जोडलं जातं; तरीही येतो तो आवाज ॲम्पचा स्वतःचा किंवा त्याच्या विजेचा. मग मधली सगळी पेडलं वगळून गिटार थेट ॲम्पला लावा आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं गेली, तर ती पिकअपमधून येत होती. राहिली, तर केबल किंवा त्याच्या पुढचं काही. यानंतर पेडलं एकेक करून आत घ्या, प्रत्येक वेळी बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत ऐका. घाईघाईत तीन पेडलं एकदम जोडली की आधीची सगळी मेहनत वाया. सहा पेडलांचा बोर्ड असेल तर मधोमध तोडायचा; आवाज कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं आणि त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. टीव्ही दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक हेच करायचे.

घूं पिकअपमधून येते असं ठरलं, तर खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःभोवती गोल फिरा. गिटार एका विशिष्ट दिशेला असताना आवाज जवळपास नाहीसा होतो आणि तिथून पाव वळण घेतलं की पुन्हा भरतो, असं झालं तर तो चुंबकीय क्षेत्रातून आलेला हम. दिशेने फरक पडला नाही, पण तारांना हात लावल्यावर आवाज उतरला, तर ती विद्युत क्षेत्राची झर्र. तुमचं शरीरच अँटेना होऊन ती गिटारच्या आत पोचवत असतं, आणि तारा ग्राउंडला जोडलेल्या असल्यामुळे हात टेकताच तुम्हीही ग्राउंड होता. अशा गिटारच्या आतल्या पोकळीला चिकटपट्टीसारखी मिळणारी तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंडला झाळली, की झर्र बरीच कमी होते. चुंबकीय हमवर मात्र या फॉइलचा काडीचा उपयोग नाही, हे विकणारे सांगत नाहीत. तारांना हात लावल्यावर आवाज वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट झाळल्या आहेत का ते आधी बघा. आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. त्याबद्दल पुढे.

बॅटरीवर चालणारा छोटा प्रॅक्टिस ॲम्प कुणाकडे असेल तर संध्याकाळभर उसना आणावा. खांद्याला अडकवायचा, सिंगल कॉइल पिकअपची गिटार जोडायची आणि घरभर हिंडायचं. फ्रिजच्या मागे गेलं की जाड घूं. मीटरबॉक्सपाशी ती आणखी जाड. वायफाय राउटरच्या ॲडाप्टरजवळ बारीक, टोचणारी शीळ. एलईडी ट्यूबच्या खाली झर्र. आणि पंख्याचा रेग्युलेटर. तो जर पायऱ्या नसलेला, गोल सरकत फिरणारा असेल, तर पंखा मध्यम वेगावर ठेवून गिटार त्या स्विचबोर्डाकडे नेऊन पाहा. या रेग्युलेटरमधला ट्रायॅक विजेच्या प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याचा थोडा भाग कापून टाकतो, सेकंदाला १०० वेळा; प्रत्येक काप म्हणजे एक टोकदार झटका. पंखा पूर्ण वेगावर नेला किंवा बंद केला की आवाज एकदम खाली येतो. एक ते पाच आकडे असलेले खटक्याचे रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, कापाकापी करत नाहीत, त्यामुळे त्यांचा त्रास अगदी थोडा. घाटकोपरच्या मे महिन्यात 'पंखा बंद करून वाजव' हा सल्ला कुणाच्या गळी उतरणार नाही. शंभर-दोनशे रुपयांत रेग्युलेटर बदलून घेणं बरं.

पिकअप हे सगळं उचलतं, कारण ते त्यासाठीच बनलेलं असतं. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची गिटारची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. क्षेत्र तारेने हलवलं की भिंतीतल्या वायरने, हे त्या वेढ्यांना कळायचा मार्ग नाही. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, वेढे परस्परांच्या उलट आणि चुंबकही उलटे. तारेचा सिग्नल दोनदा उलटून सुलट होतो आणि त्याची बेरीज होते. बाहेरून आलेली घूं एकदाच उलटते आणि कटते. हाच हमबकर. सिंगल कॉइलच्या चकचकीत आवाजावर प्रेम असलेल्यांना तो पटत नाही, आणि ते घूं सहन करून वाजवत राहतात. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीच्या बेंजोलाही पिकअप असतं, रोगही हाच. तिथे ढोल-ताशापुढे तो ऐकायला कुणी मोकळं नसतं.

रुळांना लागून घर असेल तर आणखी एक पाहुणा असतो. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये पूर्णपणे २५,००० व्होल्ट एसीवर आला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली ती एसीवरच. म्हणजे एकेकाळी ज्या तारांमधून मुख्यतः एका दिशेचा प्रवाह जायचा, तिथून आता ५० हर्ट्झचे शेकडो अँपिअर जातात. एसी रुळांशेजारच्या टेलिफोन केबलमध्ये हा हम घुसू नये म्हणून रेल्वेला बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवावे लागत. दहा-वीस मीटरवरच्या बेडरूममधल्या सिंगल कॉइलसाठी तसं काही कुणी बसवत नाही. फलाटावरून गाडी सुटताना घूं चढत-उतरत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावण्यात अर्थ नाही, गिटारची दिशा बदला.

आता अर्थिंग. उपनगरातल्या तक्रारींची मोठी गाठ इथे आहे. अंधेरी-बोरिवलीला वीज मुख्यतः अदानीची, मुलुंडला महावितरणची. मीटरपर्यंतची तारेची जबाबदारी त्यांची. मीटरनंतरची अर्थिंगची तिसरी वायर मात्र सोसायटीची आणि आपली. साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतींत ती कधी घातलेलीच नसते, कधी सॉकेटच्या वरच्या जाड भोकापर्यंत येऊन जोडायची राहिलेली असते, कधी तळमजल्यावरचा अर्थपिटच फरशीखाली गेलेला असतो. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नये. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून वायरमनकडून मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा साठ, नव्वद, एकशे दहा असा कुठेही भरकटत असेल, तर ते भोक शोभेचं आहे.

अर्थिंग नसलं की काय होतं? ॲम्पचा धातूचा सांगाडा, पेडलांचे ॲल्युमिनियमचे डबे, केबलवरची जाळी, गिटारच्या तारा हे सगळं एकमेकांना जोडलेलं एक मोठं कवच असतं. ते जमिनीला टेकलेलं असेल तर बाहेरची झर्र त्यावरून निघून जाते. टेकलेलं नसेल तर कवच स्वतःच तरंगतं. त्यात दोन पिनांचे लॅपटॉप आणि मोबाइलचे ॲडाप्टर भर घालतात. त्यांच्या आत आवाज दाबण्यासाठीच एक छोटा कपॅसिटर विजेच्या बाजूपासून बाहेरच्या बाजूला जोडलेला असतो, आणि त्यातून मिलीअँपिअरच्या अंशाएवढा प्रवाह झिरपतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवताना बोटाला खरखरीत लागतं ते हेच. लॅपटॉप ऑडिओ इंटरफेसला, इंटरफेस पेडलबोर्डला, पेडलबोर्ड गिटारला, गिटार तुम्हाला, आणि तुम्ही अनवाणी फरशीवर.

यावर एक देशी तोडगा प्रचलित आहे. सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा काढून अर्थच्या भोकाला जोडायचा. झर्र खरंच जाते, टेस्टरला काही दिसत नाही, वायरमनचे पैसे हलाल. पण पुढे कधी त्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला, की फ्रिजपासून गिटारच्या तारांपर्यंत प्रत्येक धातू थेट फेजवर जातो. असं काम कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

उलट टोकाचा प्रश्न अर्थिंग दोन ठिकाणी असण्याचा. ॲम्प हॉलमधल्या एका भिंतीवर, पेडलबोर्डचा वीजपुरवठा किंवा कॉम्प्युटर समोरच्या भिंतीवर, आणि दोघांनाही व्यवस्थित अर्थिंग. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलीव्होल्टचा फरक असतोच. त्यांना जोडणाऱ्या गिटार केबलच्या जाळीतून मग ५० हर्ट्झचा प्रवाह गोल फिरतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. ओळख अशी: जाड, गोल घूं, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी कायम, तारांना हात लावून ढिम्म फरक नाही, आणि कॉम्प्युटरची यूएसबी वायर उपटली की चिडीचूप. सगळी यंत्रं एकाच भिंतीवरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणली, की बहुतेक लूप तिथेच मरतात. घरातल्या गिटारच्या पसाऱ्याला काही शे वॅटच लागतात, चांगल्या बोर्डाला ते सहज झेपतं. तरीही राहिला तर सिग्नलच्या वाटेत एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचा खटका असलेला डीआय बॉक्स घ्या. हा खटका ऑडिओ केबलची जाळी तोडतो, २३० व्होल्टच्या अर्थिंगला हात लावत नाही.

अर्थची पिन छाटून किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावूनही लूप तुटतो, आणि म्हणूनच हा उपाय कानोकानी पसरला आहे. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे रंगमंचावर गेला, तो नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून. त्याच्या दुसऱ्या हाताखाली गिटारच्या तारा होत्या. घूं हा त्रास आहे. तिच्यासाठी अर्थ तोडायचा नाही, यात मतभेदाला जागा नाही. घरच्या मेन बोर्डावर गळती दिसताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर पुढच्या पेडलचे पैसे तिथे घालावेत.

मंडपात किंवा सभागृहात गोष्ट वेगळी. नवरात्रात बोरिवलीच्या मैदानात, किंवा मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा असला, की रंगमंचावरचे दिवे डिमरवर चालतात. डिमर म्हणजे पंख्याच्या त्या सरकत्या रेग्युलेटरचे थोरले भाऊ, किलोवॅटमध्ये कापाकापी करणारे. दिवा अर्धवट मंद असतो तेव्हा झर्र सर्वांत जास्त. तिथे स्वतः वायरी ओढू नका. साउंडवाल्याला सांगून त्याच्याच लाइनवरून वीज घ्या, लाइटवाल्याच्या बॉक्समधून नको. जवळ दिसलं म्हणून लाइटच्या बॉक्समधून घेतलं आणि तो वेगळ्या फेजवर असला, तर एकाच रंगमंचावरच्या दोन यंत्रांच्या फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपासचा फरक नांदत असतो.

पेडलांच्या विजेचा विचार घरी करायचा. बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पिनच्या मधे ऋण आणि बाहेर धन. जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा साधा ॲडाप्टर एसी सरळ करतो पण नीट गुळगुळीत करत नाही. उरलेली लहर १०० हर्ट्झची असते, त्यामुळे ती घूं एक सप्तक वरची आणि जरा धारदार लागते. हलका स्विचिंग ॲडाप्टर हजारो हर्ट्झवर चालतो, तो स्वस्तातला असेल तर 'टीं' अशी शीळ सोडतो. पडताळा सोपा: संशयित पेडलमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला. फझ किंवा ओव्हरड्राइव्ह जेमतेम काही मिलीअँपिअर खातं, बॅटरी पुष्कळ टिकते. बॅटरीवर शांत आणि ॲडाप्टरवर गोंगाट, म्हणजे निकाल लागला.

एका ॲडाप्टरमधून पाच तोंडं काढणारी माळ, म्हणजे डेझी चेन, ही दुसरी ठरलेली जागा. चार साधी ॲनालॉग पेडलं तिच्यावर गुण्यागोविंदाने नांदतात. त्यात डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब घातला की बिघडतं. ही पेडलं शंभर ते तीनशे मिलीअँपिअर ओढतात, तेही आतल्या घड्याळाच्या ठेक्यावर हिसके देत. ते हिसके सामाईक ग्राउंडच्या वायरीतून शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये जातात आणि तिथे हजार पट होतात. सगळं फेकून महागडा आयसोलेटेड सप्लाय लगेच घ्यायची गरज नाही. फक्त त्या डिजिटल पेडलला स्वतंत्र ॲडाप्टर द्या, आणि ऐका. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम पीएनपी फझमध्ये धन टोक ग्राउंडला असतं. ते इतरांबरोबर माळेत घातलं तर सप्लाय शॉर्ट होतो. ते बॅटरीवरच ठेवावं.

मालाड, गोरेगाव, कांदिवलीकडच्यांना एक खास देणगी आहे. मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण केंद्र आहे. मुंबईच्या वाहिन्यांची ठिकाणं ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ. इतकी ताकदवान लहर गिटारच्या लांब केबलवर उतरते, फझच्या पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये शिरते, आणि तो ट्रान्झिस्टर प्रवाह एका दिशेला जास्त सोडत असल्यामुळे लहरीतून आवाज सोलून काढतो. म्हणजे फझ पेडलचा रेडिओ होतो. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत गॅलेना स्फटिकाच्या ज्या डिटेक्टरचं पेटंट मिळालं, त्याचं तत्त्व याच एकदिशा वागण्याचं. फझच्या आधी वाह पेडल असेल तर बातम्या आणखी स्पष्ट येतात. उपाय स्वस्त: केबल आखूड करा, तिच्यावर चिमट्याचा फेराइट लावा, झाळता येत असेल तर पेडलच्या इनपुटवर ग्राउंडकडे १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर. तो रेडिओच्या लहरीला वाट करून देतो, गिटारच्या स्वरांना अडवत नाही.

मोबाइलची ती 'टिटिक्-टिटिक्-टर्रर्र' ही याच जातीची. टूजी फोन सतत न बोलता सेकंदाला २१७ वेळा झटक्यांत बोलतो, आणि ते झटके ऐकू येण्याच्या टप्प्यात पडतात. जिओवर टूजी कधी नव्हतंच, म्हणून एकाच्या फोनने त्रास होतो आणि दुसऱ्याच्या फोनने होत नाही.

खरखर, कुरकुर आणि मधेच आवाज जाणं यांचा मात्र विजेशी संबंध नाही. हा मुंबईच्या हवेचा प्रताप. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवा, वर्सोवा-गोराईकडे त्यात खारा वारा, आणि जॅकच्या निकेलवर, पिनेच्या टोकावर, व्हॉल्यूमच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर थर चढतो. नॉब फिरवताना खर्र, केबल हलवली की फट्ट. नॉबच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढ्यावर बहुतेक भागतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गंज काढायचा साधा तेलकट स्प्रे वापरू नका, तो धूळ धरून ठेवतो. साफ करूनही खर्र गेली नाही, तर नॉबच्या आधीचा कपॅसिटर डीसी गळू देत असेल. सगळं चालू ठेवून पेडलांमधल्या पॅच कॉर्ड एकेक बोटाने हलवून बघाव्यात. पेडलं नवी आणि पॅच कॉर्ड सगळ्यांत स्वस्त, अशी आपल्याकडची रीत असल्याने दोष इथे सापडायची शक्यता दांडगी.

झाळकामाला लॅमिंग्टन रोडवरून २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि राळ असलेली साठ-चाळीसची सोल्डरची तार आणावी. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स नको, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो सांधा खातो. चांगला सांधा चकचकीत आणि बाजूंनी उतरता दिसतो. ड्राय सोल्डर करड्या गोळीसारखा वर बसलेला असतो. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने सर्किटवर एकेक जागी हलकं टोचत जा. जिथे टोचल्यावर स्पीकर बोलतो, तिथे पुन्हा झाळा.

हे सगळं करून झाल्यावर उरते ती 'सूं'. तिला खालचा-वरचा स्वर नाही, ती सगळ्या पट्ट्यांवर सारखी पसरलेली असते. १९२६ मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन जॉन्सनने ती मोजली आणि १९२८ मध्ये हॅरी नायक्विस्टने तिचं गणित मांडलं: कुठल्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन धडपडतात आणि त्या धडपडीचा आवाज होतो. साध्या पिकअपएवढ्या १० किलोओहमच्या रेझिस्टरचा आवाज, आपल्या कानांच्या टप्प्यात, खोलीच्या तापमानाला, दोन मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो. तो कुठल्याही किमतीचं पेडल घालवू शकत नाही. कमी मात्र करता येतो, कारण साखळीत पहिल्या पेडलची सूं पुढचं प्रत्येक पेडल वाढवत नेतं. म्हणून सर्वांत शांत पेडल आधी ठेवा, दोन डिस्टॉर्शन एकावर एक चढवण्याऐवजी एकाचा गेन उतरवून गिटारच्या व्हॉल्यूमवर काम भागतंय का पाहा. कॉम्प्रेसर मंद आवाज वर उचलण्यासाठीच बनलेला असल्याने सूंही उचलतो. तो कायम चालू ठेवायची सवय असेल तर आधी तो बंद करून ऐका.

नॉइज गेटची पाळी आता. तो आवाज काढून टाकत नाही. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की दार लावून घेतो, एवढंच. वाजत असताना घूं आतच असते. ५० हर्ट्झची घूं मोठी असेल तर दाराची पातळी वर घ्यावी लागते, आणि मग लांबवलेला मींडेचा स्वर शेवटाकडे कात्रीने कापल्यासारखा तुटतो. आधीच्या पायऱ्या केलेल्या असल्या, तर पातळी फक्त सूंच्या वर, जेमतेम ठेवून भागतं. जागा डिस्टॉर्शनच्या पुढे आणि डिले-रिव्हर्बच्या अलीकडे. डिलेच्या पुढे लावला तर विरत जाणारे पडसादही तो गिळतो. पातळी लावताना पंखा, दिवे, फ्रिज रोजच्यासारखे चालू ठेवावेत. रात्री दीडला सगळं बंद करून बसवलेला गेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हलवावा लागतो.